केनरावांचा सत्कार

केनरावांची आणि माझी ओळख झाली ती चोरीच्या आरोपावरून. आरोप अर्थातच मी केला. २०१६चा फेब्रुवारी. कॅनडात, नॉर्थ यॉर्कला मुलाच्या कॉन्डोत राहायला येऊन मला जेमतेम दोन महिने झाले होते. आमच्या मजल्यावर सगळे ओले बूट दाराबाहेर काढत. एका सकाळी दार उघडते तर काय, एक उंच, ताठ, पंच्याऐंशीचा गोरा म्हातारा माझे बूट हातात घेऊन उभा! मी "चोर! चोर!" म्हणून ओरडले, तेही मराठीत. त्याने शांतपणे बूट माझ्यापुढे धरले. बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकतात त्या मिठाचे पांढरे डाग व्हिनेगरने पुसून चकचकीत केले होते. मजल्यावरच्या सगळ्यांचेच बूट तो असे पुसायचा. "नो वरीज, लव्ह," म्हणाला. परक्या पुरुषाने मला लव्ह म्हटलं म्हणून मी दार आपटलं. तो प्लंबरलाही लव्हच म्हणतो, हे कळायला आणखी महिना गेला. तेव्हा मी सदुसष्टची होते, आणि सदुसष्टाव्या वर्षी बाईला पुरेशी अक्कल आलेली असते असा माझा समज होता.

केनराव हे नाव मीच ठेवलं. मूळचे ऑस्ट्रेलियाचे. कॅनेडियन बायकोबरोबर इथे आले, ती वारली, मुलगी लांब हॅलिफॅक्सला. त्यांच्या समोरच्या दारात लान राहायची, व्हिएतनामची, माझ्याच वयाची. ती दर गुरुवारी त्यांना सूप द्यायची. त्या वयातही केनरावांची नजर शाबूत होती, त्यामुळे तिच्या शिवणाच्या आठवडाभराच्या सुया ते ओवून ठेवायचे. त्या दोघांत तिसरी मी, गप्पा मारायला.

उन्हाळ्याच्या तोंडावर एकदा लान सहज बोलून गेली. ती सतरा वर्षांची असताना रुंद काठाच्या टोप्या घातलेले परदेशी सैनिक गावात आले. एका दिवसात गाव रिकामं करायला लावलं, घरं जाळली. आजीला चालवत नव्हतं, ती वाटेतच गेली. त्या दिवशी केनरावांची सुई काही केल्या ओवली जाईना. मी आपली खिदळले, "काय केनराव, चष्मा लागला वाटतं आता!"

पुढे एकदा त्यांच्याकडे साखर शोधताना मी बिस्किटांचा डबा उघडला, तर आत पदकं! "दोन युद्धं," ते म्हणाले. "एक थंड होतं, एक गरम." आणि डबा बंद केला. जास्त विचारलं की हेच वाक्य. पण मी गप्प बसणार? नातीला फोनवर पदकांच्या फितींचे रंग शोधायला लावले. थंड म्हणजे कोरिया, गरम म्हणजे व्हिएतनाम. "आजी, दॅट्स प्रायव्हेट," साई म्हणाली. दहा वर्षांच्या पोरीला जे कळलं ते मला कळलं नाही. लानची गोष्ट तर माझ्या डोक्यातच आली नाही. डोक्यात फक्त सत्कार होता.

कारण मी नुकतीच आमच्या ज्येष्ठ नागरिक गटाची सेक्रेटरी झाले होते. बिनविरोध, दुसरं कुणी उभंच नव्हतं. संक्रांतीच्या कार्यक्रमाला सत्कारमूर्ती हवा होता. केनरावांना म्हटलं, तर ते म्हणाले, "नको." आणखी दोनदा विचारलं, दोन्ही वेळा "नको, लव्ह." मला आनंदच झाला. आपल्याकडे सत्कारमूर्ती आधी नको नको म्हणतो, मग आपण आग्रह करायचा, मग तो शाल घेतो. तीनदा नको म्हणणारा तर थोरच! "नुसते तिळगूळ खायला या," अशी थाप मारून मी त्यांना खाली पार्टी रूममध्ये नेलं. लानलाही ओढून पहिल्या रांगेत बसवलं.

मग माईक घेतला. शाल, श्रीफळ, आणि माझं इंग्रजी भाषण, आठवडाभर पाठ केलेलं. "टू वॉर्स! कोरिया! अँड द टेरर ऑफ द जंगल्स ऑफ व्हिएतनाम!" केनराव माझ्याकडे बघत नव्हते, पहिल्या रांगेकडे बघत होते. मी फोटोवाल्याकडे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते शाल नीट घडी करून आणि नारळ घेऊन दारात आले.

"मी नको म्हटलं होतं," ते म्हणाले.

"आमच्यात नको म्हणतातच," मी म्हटलं.

"आमच्यात नको म्हणजे नको, लव्ह."

मी खुर्ची पुढे केली, पण ते बसले नाहीत. "मी तिला सांगणार होतो. उन्हाळ्यापासून शब्द जुळवतोय. ते गाव तिचंच होतं का, मला माहीत नाही. आम्ही अशी गावं रिकामी केली होती. टोपी तीच होती."

आवाज चढवला असता तर मला बरं वाटलं असतं. ते मलाच "नो वरीज" म्हणाले आणि गेले.

त्या गुरुवारी सूप आलं नाही. पुढच्याही नाही. केनराव तिचं दार वाजवत, थोडा वेळ थांबत, परत फिरत. भिंतीपलीकडून मला सगळं ऐकू यायचं. मी शिरा घेऊन गेले, तरी लानचं दार उघडलं नाही. मार्चमध्ये केनरावांची मुलगी येऊन त्यांना हॅलिफॅक्सला घेऊन गेली. ऑगस्टमध्ये ते गेल्याचा तिचा फोन आला.

मी लानच्या दारावर जाऊन ओरडूनच सांगितलं, "केन गेला." तेव्हा तिने उघडलं. दारातच उभी राहून मी म्हटलं, तो तुला स्वतः सांगणार होता, मी ते त्याच्याकडून हिसकावून घेतलं, चूक माझी आहे.

तिने मला आत घेतलं नाही, की दारही लावलं नाही. तिच्या तुटक्या इंग्रजीत म्हणाली, "माझ्या घरी येऊन सांगितलं असतं, तर मी ओरडले असते. भांडं फेकलं असतं. मग खूप रडले असते. मग एखाद्या दिवशी, कदाचित, पुन्हा सूप केलं असतं. पण तिथे, त्या खोलीत, मी काय करणार? तुझी सगळी माणसं टाळ्या वाजवत होती."

दाराच्या कडीवर हात ठेवून ती म्हणाली, "मग मीपण वाजवल्या."