माशा धरणारी कोळीण

चकलांब्याची सत्यशीलाबाई बाजा विणायची. मनात आलं की बाई, मनात आलं की आठ पायांचा कोळी. घराण्याची रीतच ती, गावाला त्याचं काही नवल उरलं नव्हतं. एकदा ती जातीच्या दाखल्यासाठी हापिसात गेली.

"जात?" कारकुनानं विचारलं.

"कोळी."

"म्हंजे मासे धरता?"

"न्हाई, माशा."

कारकुनानं कपाळाला हात लावला. "पन्नास वर्षांपूर्वीचा पुरावा आणा, मग बघू."

सत्यशीलाबाईचं डोकंच फिरलं. कोळी होऊन ती सरसर भिंत चढली आणि छताच्या कोपऱ्यातल्या काळ्याकुट्ट जळमटात जाऊन बसली.

"हे माझ्या आजीचं राहतं घर," ती वरून ओरडली. "लई उपकार तुमचे, पन्नास वर्षांत इथं एकानंबी झाडू मारला न्हाई!"