मागुराच्या यकृताची स्लाइड

तान्ह्या पोळ्याचा दुसरा दिवस, सकाळ. ठिकाण ब्रह्मपुरी, आमच्या कॉलेजची प्राणिशास्त्राची प्रयोगशाळा. हजर: मी, म्हणजे फ्रीजर आणि त्यातली प्रत्येक बाटली जिच्या ताब्यात आहे ती प्राध्यापिका; पीएच.डी. करणारी आमची विद्यार्थिनी; तिचे मार्गदर्शक, जे आमचे विभागप्रमुखही आहेत. आणि प्रयोगशाळेचे परिचर, ज्यांना सगळे भाऊ म्हणतात. सुट्टीत एका दुपारी लाइन गेली होती, म्हणून आल्याबरोबर मी आधी फ्रीजर उघडला.

फ्रीजरमध्ये मी वाटीभर पाणी गोठवून त्यावर एक नाणं ठेवते. मधे बर्फ वितळला तर नाणं तळाला जातं आणि कोणाला विचारत बसावं लागत नाही. नाणं वरच होतं. पण मागच्या कोपऱ्यातला थर्माकोलचा डबा पुढे दारापाशी आला होता आणि त्याच्या जागी मटका कुल्फी होती.

"भाऊ, डबा कोणी हलवला?"

"माह्याकडं नका पाहू मॅडम. लाईन गेली तं मी फ्रीजरले हात बी नाई लावत."

विभागप्रमुख खिडकीबाहेर पाहू लागले. "तान्ह्या पोळ्याला पोरं लाकडी बैल घेऊन दारात येतात, त्यांच्यासाठी आणली होती. उरली आहे, घ्या. तुम्ही तर मॅडम स्वतःच्या सावलीलाही ओळखपत्र मागाल."

मी कुल्फी बाहेर काढली आणि डबा परत मागे सरकवला.

डब्यात अँटिबॉडीच्या छोट्या नळ्या असतात. मेंदूतल्या पेशींवर डोपामिनचा निरोप पकडणारं एक प्रथिन असतं, त्याला रिसेप्टर म्हणतात. ही अँटिबॉडी मेंदूच्या पातळ कापावर घातली की त्या प्रथिनाला चिकटते. मग दुसरी अँटिबॉडी आणि रंग घालायचा. पहिली जिथे चिकटली तिथे तपकिरी दिसतं. ती पुन्हा पुन्हा वितळवली आणि गोठवली तर बिघडते, म्हणून बाटली आली की मी एकेका वेळेपुरत्या नळ्यांत वाटून ठेवते. दाराजवळ कधीच नाही. काढलेली नळी परत गोठवायची नाही.

विद्यार्थिनीचा विषय मागूर. हा मासा धानाच्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात राहतो आणि पाणी आटलं की चिखलात दडून बसतो. दडलेल्या मागुराच्या मेंदूत हा रिसेप्टर कमी होतो का, एवढा तिचा प्रश्न. प्रबंध द्यायची मुदत एकदा वाढवून झाली होती, आणखी वाढेल याची खात्री नव्हती. शेवटचं चित्र तेवढं राहिलं होतं आणि त्याच्या स्लाइड तिने सुट्टीआधी तयार करून ठेवल्या होत्या.

त्या सुंदर होत्या. विभागप्रमुखांनी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं आणि म्हणाले, "झालं. छापायला द्या."

मीही पाहिलं. मला ते सौंदर्यच खटकलं. कुठेही रिकामी जागा नव्हती. ज्या पेशीकडे जावं ती तपकिरी. एखाद्या गावात सगळेच म्हणाले की चोर आम्ही पाहिला, तर कोणीच पाहिलेला नसतो.

"मॅडम, काऊन शंका घेता?" विद्यार्थिनी म्हणाली. "पहिली अँटिबॉडी न घातलेली स्लाइड पण केली मी. साफ आहे ते."

"त्याने दुसरी अँटिबॉडी निर्दोष ठरली. पहिलीचं काय?"

मी बाटलीबरोबर आलेला कागद काढला. छोट्या उंदरावर (माउस) आणि मोठ्या उंदरावर (रॅट) तपासलेली, असं त्यात होतं. माशाचं नाव नव्हतं. मी विभागप्रमुखांकडे पाहिलं.

"प्रथिन जवळपास सारखंच असतं हो," ते म्हणाले. "मेंदू तो मेंदू."

मी विद्यार्थिनीला यकृताची स्लाइड मागितली. या रिसेप्टरचं यकृतात फारसं काम नाही. तिथे रंग यायला नको. ती नव्हती. यकृताचा तुकडाच ठेवलेला नव्हता. आमच्याकडे मासा बर्फात निपचित करून मारतात, कोणतंही औषध देत नाहीत, आणि मेंदू काढला की उरलेला मासा कोणी फेकत नाही. तो कोणाच्या ना कोणाच्या घरी जातो, बहुतेक वेळा भाऊंच्या.

"कलेजी?" भाऊ म्हणाले. "ते तं रश्श्यात गेली न मॅडम. सगळ्याच मागुराची."

विद्यार्थिनी हसली. इतक्या वर्षांत किती मासे कापले, पण डोक्याखालचं काहीच आमच्यापाशी शिल्लक नव्हतं.

भाऊंनी बाजारातून जिवंत मागूर आणला. या वेळी यकृत मी माझ्या हाताने काढून फॉर्मॅलिनच्या बाटलीत टाकलं आणि बाटली कपाटात कुलूपबंद केली. भाऊ म्हणाले, "बाकीचं तरी नेऊ द्या." नेऊ दिलं. तुकडा पक्का होऊन त्याचे काप निघेपर्यंत काही दिवस गेले. नवी नळी काढली, मेंदू आणि यकृत एकाच दिवशी, एकाच रंगात.

पहिली अँटिबॉडी न घातलेलं यकृत स्वच्छ निघालं. घातलेलं तपकिरी, मेंदूइतकंच. साठवण बिघडली नव्हती, भाऊंनी काही केलं नव्हतं, कुल्फीनेही नाही. अँटिबॉडी मागुराच्या अंगातल्या कशालाही चिकटत होती.

विभागप्रमुखांनी स्लाइड उजेडात धरली. "मेंदूच्या प्रबंधात यकृत कोण विचारतो?" ते हळूच म्हणाले. "ही टेबलावर नसेल तर प्रश्नच येत नाही." आणि ती टेबलावर ठेवून ते तासाला गेले.

"हे लावलं तं चित्र जाते," विद्यार्थिनी म्हणाली. "चित्र गेलं तं ते प्रकरण जाते. मुदत मिळन का मले पुन्हा?"

"माहीत नाही," मी म्हटलं. खरंच माहीत नव्हतं.

तिने स्लाइड उचलली. मला वाटलं, कचऱ्यात जाईल. मी तिच्या हाताकडेच पाहत होते. तिने ती पुसली, मेंदूच्या स्लाइडशेजारी पेटीत उभी केली आणि म्हणाली, "दोन्ही फोटो एकाच पानावर टाकते मी. पण सरांले तुमी सांगा."

मी हो म्हटलं. फोटो काढून झाले, पान तयार आहे. सरांना मी अजून सांगितलेलं नाही.