बंबाच्या पाण्याचा चहा

माझे सासरे वारले तेव्हा पिंपळे गुरव दोनदा हळहळलं. एकदा ते गेले म्हणून, आणि दुसऱ्यांदा मी चहा केला म्हणून.

मी तेव्हा पिंपरीला नव्यानेच सुरू झालेल्या एका औषधांच्या कारखान्यात कारकून होतो. मूळचा कराडकडचा, नोकरीसाठी इकडे आलो आणि पिंपळे गुरवच्या कुसुमशी लग्न करून बसलो. कारखान्यात यंत्रं बसवायला आलेला एक गोरा साहेब मायदेशी परतताना मला एक पत्र्याचा डबा देऊन गेला. त्यात चहाच्या पुरचुंड्या होत्या. पातळ कागदाची इवलीशी पिशवी, आत चहा, वर दोरा आणि दोऱ्याच्या टोकाला चिठ्ठी. कपात सोडायची, वरून गरम पाणी ओतायचं, की झाला चहा! पातेलं नको, गाळणं नको. तेव्हापासून मी मोकळ्या पत्तीचा चहा पिणाऱ्यांची कीव करू लागलो. (इतकी चांगली वस्तू साहेब इथेच का टाकून जातोय, हा प्रश्न मला पडला नाही. कारकुनाला प्रश्न पडत नसतात.)

सासऱ्यांना मी पुरचुंडी मोठ्या ऐटीत दाखवली. ते शेतकरी, पण चहाचे पक्के दर्दी. पत्ती तळहातावर चोळून, हुंगून मगच घ्यायचे, आणि रोज पहाटे गूळ घालून दोघांचा चहा स्वतःच्या हाताने करायचे. (बायकोला चहा करून देणारा नवरा गावात दुसरा नव्हता, त्यामुळे ही गोष्ट पार वेशीपर्यंत माहीत होती.) त्यांनी पुरचुंडी उलटीपालटी केली आणि शांतपणे विचारलं, "पाव्हणं, गोणीत घातलेला बैल तुमी इकत घ्याल का?"

मी म्हटलं, जमाना बदलतोय मामा. मग आमचा वाद असा रंगला, की तो पुढच्या भेटीवर टाकावा लागला. पुढची भेट झालीच नाही. ऐन पौषात एका पहाटे ते झोपेतच गेले. मला फार वाईट वाटलं. मी वाद घालू शकेन असा सासरवाडीत तो एकच माणूस होता.

दुःखाच्या घरात तिसऱ्या दिवशीचं सावडणं होईपर्यंत चूल पेटत नाही. जेवण भाऊबंद आणतात, चहा शेजारी आणतात. चहाची जबाबदारी पलीकडच्या हमीदाभाभींनी घेतली होती. त्या पितळी किटली भरून आणायच्या, माणसं खाली मान घालून प्यायची, आणि किटली परत जायची. सासूबाई मात्र कशालाच शिवल्या नाहीत. भिंतीला टेकून बसल्या होत्या त्या बसल्याच. रडल्या नाहीत, बोलल्या नाहीत, पाण्याचा घोटही घेतला नाही. कुसुमने पाय धरले, हमीदाभाभींनी कप ओठांना लावला. त्यांनी तोंड फिरवलं. दुसरा दिवस उजाडला तेव्हा चुलतसासरे तात्या मला बाजूला घेऊन म्हणाले, की वहिनी अशाच बसल्या तर आपल्याला परत एकदा नदीवर जावं लागंल. ते उगाच बोलणारे गृहस्थ नव्हते.

आणि तिथेच माझं डोकं चाललं. (ते चाललं नसतं तर किती बरं झालं असतं!) बाहेरून आलेला चहा त्यांना नको असेल, तर घरातलाच चहा द्यावा. घरात चूल पेटत नाही, पण पुरचुंडीला चूल लागतेच कुठे? लागतं ते फक्त गरम पाणी. आणि अंगणात, बाहेरगावच्या माणसांच्या अंघोळीसाठी तांब्याचा बंब धडधडत होता. बंब म्हणजे काही चूल नव्हे. मी तात्यांना हे शास्त्र समजावलं. त्यांना ते पटलं नाही, पण खोडताही आलं नाही.

मी सायकल मारत पिंपरीला गेलो आणि डबा घेऊन आलो. ओसरीवर कप मांडून त्यांत पुरचुंड्या सोडल्या आणि दोरे बाहेर लोंबकळत ठेवले. समाचाराला आलेली माणसं जवळ सरकली. जावई औषधांच्या कारखान्यात, पुडी बारीक, वर दोरा, दोऱ्याला चिठ्ठी. दुःखी माणसांनी काय समजायचं? एका म्हातारबांनी हळूच विचारलं, गुडघ्यावर चालंल का. मोशीहून आलेल्या आत्याबाईंनी खोकल्यासाठी एक मागून घेतली आणि मी तोंड उघडायच्या आत ती फोडून तोंडात टाकली. मग त्यांना असा ठसका लागला, की बाहेरच्यांना वाटलं आणखी कोणी गेलं. दोन बायकांनी आत हंबरडाही फोडला.

त्या गडबडीत मी बंबाचं पाणी कपात ओतलं. पाणी कोमटाच्या जरा पुढे आणि उकळीच्या फार मागे. त्याला धुराचा वास होता, तांब्याची चव होती, आणि बंबात पडलेल्या राखेचे दोन-चार कण वर तरंगत होते. रंग येईना, म्हणून मी दोरा धरून पुरचुंडी वरखाली बुचकळली. ती फुटली. दूध घातलं तेव्हा फरशी पुसलेल्या फडक्याचा रंग आला. पण आता माघार कशी घेणार? सगळे बघत होते.

मी कप सासूबाईंपुढे धरला आणि म्हणालो, "मामी, घरचा आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. जावयाचा मान म्हणून असेल, पण कप घेतला आणि एक घोट घेतला.

"ह्ये काय हाय?" त्यांनी विचारलं. सासरे गेल्यापासूनचे त्यांचे पहिले शब्द.

"चहा," मी म्हणालो.

"न्हाई," त्या म्हणाल्या.

मग कप खाली ठेवून त्या रडू लागल्या. अडलेलं सगळं एकदम बाहेर आलं. ह्या घरात ते असताना असलं पाणी कुणापुढं आलं न्हवतं, असं म्हणत म्हणत रडल्या, आणि त्यांच्याबरोबर सगळं घर रडलं. मीही रडलो. (माझी कारणं दोन होती.)

थोड्या वेळाने पदराने तोंड पुसून त्या उठल्या आणि दाराकडे निघाल्या. तात्या आडवे आले. सुतकात वहिनींनी उंबरा ओलांडायचा नसतो, असं काहीतरी पुटपुटले.

"भावजी, वाटंतनं बाजूला व्हा," सासूबाई म्हणाल्या. "मानसं च्या न पिता बसल्यात."

त्या सरळ हमीदाभाभींच्या चुलीपुढे जाऊन बसल्या. पत्ती तळहातावर घेतली, चोळली, हुंगली, गूळ घालून चहा उकळला आणि किटली भरून घरी आणला. सगळ्यांना देऊन झाल्यावर उरलेला दोन कपांत ओतला, रोजच्या सवयीने. आणि दुसऱ्या कपाकडे बघत थांबल्या. मग त्यांनी तो कप माझ्याकडे सरकवला.

"घ्या पाव्हणं. च्या कसा असतोय ते तरी कळू द्या."

मी प्यायलो. समोर त्याही प्यायल्या, सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत. सुतकाचं काय ते नंतर बघू, तात्या म्हणाले.

गावात माझं नाव झालं. त्यानंतर कित्येक वर्षं पिंपळे गुरवात कुणाच्या घरी कुणी गेलं आणि मागे राहिलेलं माणूस अन्नपाण्याला शिवेना झालं, की पिंपरीला माझ्याकडे सांगावा यायचा: जावईबापू, जरा येऊन चहा करा, म्हातारी उठतच न्हाई.

आणि सांगायला वाईट वाटतं, पण एकदाही अपयश आलं नाही.