बाबांची दाढ

आमच्या डेंटल कॉलेजच्या दारावर सोनेरी अक्षरांत थाप लिहिली होती: 'दात वाचवणे हेच आमचे ध्येय.' परीक्षा मात्र दात उपटायची, आणि पेशंट ज्याचा त्यानं शोधून आणायचा. मी जवळच्या कुरुद गावचा एक म्हातारा ठरवला होता. ऐन परीक्षेच्या सकाळी वर्गातल्याच कुणीतरी त्याला फाटकातूनच स्वतःसाठी पळवलं.

मी धावत सेक्टर 10मधल्या आमच्या क्वार्टरवर गेलो. बाबा स्टील प्लांटमध्ये क्लार्क, ड्यूटीवर निघाले होते. त्यांची एक दाढ किडली होती. ती मी पुढच्या आठवड्यात भरून देणार होतो.

"चाल," सगळं ऐकून बाबा म्हणाले, "मले त्या दाढेचं काय लोणचं घालाचं हाय?"

परीक्षकांनी दाढ पाहून विचारलं, "ही भरून वाचली नसती?" माझ्याआधी बाबांनीच हिंदीत खोटं सांगितलं, की दुखणं सहन होत नाही, काढूनच टाका.

मी काढली. पास झालो आणि तिथंच शिकवायला लागलो. दर वर्धापनदिनी कॉलेजचा इतिहास अन् ते ध्येय आता मीच वाचून दाखवतो.

परवा परीक्षेच्या सकाळी एक विद्यार्थिनी रडत आली. तिचा पेशंट पळवला होता. मी घड्याळ पाहिलं आणि विचारलं, "घरी कोण कोण आहे?"