तांदळावरचं नाव

जळगावात सायबर कॅफे नवेनवेच निघाले होते तेव्हाची गोष्ट. मी सावद्याकडची, केळीवाल्यांच्या घरातली मुलगी, कॉलेजसाठी होस्टेलवर राहायचे. कॅफेचा मालक पहिल्याच दिवशी म्हणाला, "ताई, चॅटवर खरं नाव टाकू नका. जमाना खराब शे." मग मी एका फुलाचं नाव घेतलं आणि ठोकून दिलं, मुंबईची आहे, समुद्रासमोर राहते. समुद्र मी फक्त कॅलेंडरवर पाहिला होता!

तिथंच ती भेटली. तिने एका नदीचं नाव घेतलं होतं आणि ती म्हणे पुण्याची. इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप करत आम्ही काय काय बोलायचो! घरी ज्या गोष्टींवर तोंड उघडायची सोय नव्हती, त्या सगळ्या तिथं. मला पुढे शिकायचंय हे मी आधी तिला सांगितलं, वडिलांना, म्हणजे आबांना, नंतर. आबांसमोर उभं राहायचा धीर दिला तोही तिनेच. अशी मैत्रीण मला अख्ख्या होस्टेलात मिळाली नव्हती.

हिवाळ्यात एकदा भरताचा विषय निघाला. मी मुंबईकरणीच्या रुबाबात लिहिलं, आम्ही वांगी गॅसवर भाजतो. बाई भडकलीच. "गॅसवर? कपाशीच्या वाळल्या काड्यांवर भाजलं नाही तर त्याला भरीत म्हणायचं का?" मी हसून हसून खुर्चीतून पडायचीच बाकी होते. म्हटलं, पुण्यात कपाशी कधीपासून पिकायला लागली गं? मग उमटलं, "मी धुयानी शे."

धुळ्याची! सकाळच्या एसटीत बसलं तर जेवायला पोचावं इतकी जवळ. मला इतका आनंद झाला की मी माझं खरं नाव आडनावासकट टाइप करून टाकलं. म्हटलं, आता तुझं सांग, रविवारी येतेच भेटायला.

तिने लिहिलं, "नको येऊ. पुढच्या महिन्यात लग्न आहे माझं, शिरपूरकडे. कॉम्प्युटरचा क्लास उद्यापासून बंद. माझं नाव विचारून काय करशील? सासरी बदलणारच आहेत, काय ठेवतील मलाच माहीत नाही. पण तुझं लक्षात ठेवते. कधी ना कधी शोधीन तुला."

आणि गेली. नंतर कितीतरी दिवस मी त्या चॅटरूममध्ये तिची वाट पाहत बसायचे. खूप रडले, खोटं कशाला बोलू?

शिक्षण झालं, मग माझंही लग्न झालं. लक्ष्मीपूजनाला तांदळाचं ताट पुढे आलं. नवरा त्यावर अंगठीने बायकोचं नवं नाव लिहितो आणि त्या दिवसापासून सगळे तिला त्याच नावाने हाक मारतात. मी हळूच म्हटलं, "माझं आहे तेच लिहा." सासूबाई पुटपुटल्या, "काय बाई एकेक थेरं!" नवरा भला माणूस, त्याने मुकाट्याने लिहिलं.

आज इंटरनेटवर मी माहेरच्या आडनावासकट राजरोस बसलेली असते. ती अजून आलेली नाही. पोरं ओरडतात, "आई, खऱ्या नावाने असं सगळीकडे राहू नये गं." त्यांना काय सांगू? धुळ्याच्या एका बाईला माझं एवढंच नाव माहीत आहे.