मानपाड्याच्या चार खोल्या

मी आठवीतून शाळा सोडली. लिहायला बसलो की हात जड होतो, म्हणून बायकोला मी मेसेज लिहीत नाही, बोलून पाठवतो. मस्कतला एसीच्या डक्टचं काम करताना शिडीवर उभा राहूनसुद्धा बोलता येतं. त्या सवयीने माझं घर जवळजवळ घालवलेलं.

आम्ही डोंबिवलीजवळ दिव्याला भाड्याने राहत होतो. चार वर्षांत तीनदा खोली बदलली. दर वेळी बायकोने एकटीने सामान बांधलं आणि मी इकडून फोनवर विचारत राहिलो, गॅसची शेगडी नीट गुंडाळलीस ना. म्हणून मनात घेतलेलं, घ्यायचं तर एक खोली नको, छोटी चाळच घ्यायची. एका खोलीत आम्ही राहू, बाकीच्यांचं भाडं येईल, मग मला कायमचं परत जाता येईल. पण डोंबिवलीत अशी जागा विकायला निघाली की संध्याकाळपर्यंत राहत नाही. दोन जागा अशाच गेल्या. बायकोने व्हिडिओ पाठवला, मी जेवणाच्या सुट्टीत बघितला, हो म्हणालो, तोवर दुसऱ्याने टोकन दिलेलं.

तिसरी जागा मानपाड्याला. एका ओळीत चार खोल्या, पुढे लांब ओटा. एक खोली रिकामी, तिघांत भाडेकरू. मालकीण तिथल्याच जुन्या शेतकरी घरातली म्हातारी. दोन मुलांचे वाटे करायचे म्हणून ती विकत होती. एक बिल्डरही तिच्याकडे खेपा घालत होता. त्याला खोल्या पाडून वर मजले चढवायचे होते.

बायको बघायला गेली. मी शिडीवरून मेसेज टाकला, "अगं, म्हातारीच्या बोलण्यावर जाऊ नको. गोड बोलणारी माणसं पाण्याचं लपवतात. तिला चहा घेत बसू दे, तू मागच्या मागे भाडेकरूंना विचार पाणी किती वाजता येतं. आणि त्यांना सांग, आम्ही कुणाला काढणार नाही. सामान उचलून उचलून आपलीच कंबर मोडलीय."

बायकोने म्हातारीला आमच्या मुलीचा नाच दाखवायला फोनचा आवाज मोठा केलेला. तसाच मेसेज लावला. म्हातारी समोर, हातात बशी.

मला हे कळलं ते व्हिडिओ कॉल आला तेव्हा. पडद्यावर बायको नव्हती. कपाळभर कुंकू, नाकात मोठी नथनी, आणि डोळे थेट माझ्यावर.

"मीच ती म्हातारी. गोड बोलनारी."

माझ्या हातातला पाना खाली पडला. "आजी, चुकलं माझं. मी आपलं..."

"गप रं. पानी बघाचा हाय ना तुला? चल."

ती फोन घेऊन उठली. मागून बायकोचा आवाज आला, "अहो, मला माहीत नव्हतं हो आवाज मोठा आहे ते!" म्हातारीने मला ओट्यावरून मागे नेलं, नळ सोडला, आणि फोन इतका जवळ धरला की काचेवर शिंतोडे उडाले. पाणी येत होतं. पाच वाजलेले तिकडे.

"बघलास? आता बोल, भाडेकरूंना काढनार नाय ते खरा का?"

"खरं आजी."

"तो गाडीवाला बिल्डर दोनदा आला. एकदा पन इचारलान नाय, आत कोन राहतं." मग ती घरात गेली आणि तांदूळ-नारळ आणून माझ्या बायकोची ओटी भरली. तिच्या लेखी व्यवहार तिथेच झाला.

माझ्या लेखी नाही. कारण कागद राहिलेले. माझ्या नावाने बायकोने सही करावी म्हणून मी इथल्या वकिलातीत जाऊन मुखत्यारपत्र केलं, कुरियरने पाठवलं आणि वाटलं झालं. पण परदेशात केलेल्या कागदावर तिकडच्या सरकारी कचेरीत पुन्हा शिक्का लागतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं, मीही विचारलं नव्हतं. बायकोच्या कल्याणला फेऱ्या सुरू झाल्या. त्या तीन आठवड्यांत बिल्डर भाव वाढवून पुन्हा आला.

मला जेवण जाईना. मी रोज दुपारी म्हातारीला फोन लावायचो. "आजी, नाही ना दिलं कुणाला?"

"ओटी भरलेली पोर मागं फिरवतात का रं? नारल काय परत मांगू तिच्याकडं?"

"नाही आजी. पण नाही ना दिलं?"

"कालपास्न तरी नाय दिला," म्हणायची आणि फोन ठेवायची.

तिच्या मुलांनाही जास्त पैसे दिसत होते. तिने घरात काय ऐकून घेतलं असेल ते मला कधी बोलली नाही. बायकोला शेजारणीकडून कळलं, आठ दिवस थोरला तिच्याशी धड बोलत नव्हता. माझं तोंड तिने फक्त पडद्यावर बघितलेलं, तेही कसल्या प्रसंगाने. तरी थांबली.

शेवटी शिक्का मिळाला. नोंदणीच्या दिवशी बायकोने कॉल लावून फोन हातात धरलेला. मी आमच्या साईटच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या सावलीला. नोंदणीच्या साहेबांनी म्हातारीला विचारलं, "राजीखुशीने विकताय ना आजी? कुणाचा दबाव नाही ना?"

म्हातारीने फोनकडे बोट केलं. "हाय ना. ह्या पोराचा. रोज फोन करून जीव खातो माजा."

सगळी कचेरी हसली. मग तिने मशीनवर अंगठा ठेवला. पहिल्यांदा लागला नाही. पदराला पुसून पुन्हा ठेवला, दाबून, आणि लागला.

मी फोनला हात जोडले. पण तोवर सही करायला बायकोने फोन टेबलावर उपडा ठेवलेला, आणि माझ्यासमोर नुसता काळोख होता. मी तरी तसाच उभा राहिलो.