सोमाआबांचा बिनटीव्हीचा सेट

महाडात माझं डिशचं दुकान आहे. पाचाडपासून पोलादपूरपर्यंत ज्याच्या कौलावर मी चढलो नाही असं एक घर दाखवा, चहा पाजतो. लोक मला फोन करतात तेव्हा आधी ओरडतात आणि मग नाव सांगतात. मीही काही साधूसंत नाही; माझी जीभ तिखट आहे हे माझी बायको नीला रोज ऐकवते. पण सोमाआबा एकदाही माझ्यावर ओरडले नाहीत, आणि नेमकी त्यांच्याच बाबतीत मी माती खाल्ली. तेच सांगतो.

आबा टेलिफोन खात्यात लायनमन होते. घर पोलादपूरच्या कडेला, कापड्याच्या रस्त्यावर. त्यांच्या वाडीत पहिला सरकारी पगार त्यांच्या घरात आला. वरंध घाटात दरड येऊन तार तुटली की खांद्यावर तारेचं भेंडोळं टाकून निघायचे, गाडी बंद असली तर चालत, आणि परत यायचे ते दुसऱ्या दिवशी. कुणी कौतुक केलं की म्हणायचे, "त्यात काय रे, मी खांब चढायचो नि उतरायचो." रिटायर झाल्यावर दोनेक वर्षांनी त्यांना दिव्याभोवती रंगीत कडं दिसायला लागलं. छान दिसतंय, म्हणून कुणाला बोलले नाहीत. तो काचबिंदू होता. डॉक्टरकडे गेले तेव्हा एक डोळा गेल्यातच जमा होता, दुसराही पुढं दोन पावसाळ्यांत गेला.

बायको आधीच वारलेली. मुलगा बुद्धरत्न कळंबोलीला लोखंडाच्या बाजारात कारकून, सून प्रियदर्शिनी तिकडंच शाळेत शिकवते. दोघंही चांगली. आबा, इकडं चला, म्हणून मागं लागायची. पण आबांना स्वतःच्या घरात भिंतीला हातसुद्धा लावावा लागत नसे. भाकरी शेजारच्या जानकीबाई करून द्यायच्या, बाकी चहा, भात, धुणं, झाडलोट सगळं स्वतः. शेवटी बुद्धरत्ननं अट घातली. जोवर तुमचं तुम्हाला जमतंय तोवर राहा. जमेनासं झालं की मी घेऊन जाणार, मग ऐकणार नाही. आबा बरं म्हणाले.

तर २००७ च्या मे महिन्यात या बुद्धरत्ननं घरातला टीव्ही कळंबोलीला नेला, कारण आबांना तो दिसत नव्हता. त्याच्या बदल्यात तिकडचं होम थिएटर आणून ठेवलं, कारण तिकडं खालच्या मजल्यावरचे लोक आवाजावरून भांडायला यायचे. झालं, चित्र मुलाकडं आणि आवाज बापाकडं. पण त्या पाच स्पीकरांवर आबांनी ऐकायचं काय? घराला लागून विजेचा डीपी, त्यामुळं ट्रान्झिस्टर लावला की नुसती घरघर. कुणाकडून तरी त्यांच्या कानावर आलं की बिनभाड्याच्या डिशवर रेडिओ पण लागतो. लगेच मला फोन.

"इंजिनेर," ते मला इंजिनेरच म्हणायचे, मी दहावी नापास, "टीव्ही नसला तर डिश चालंल काय रे?"

असली ऑर्डर मी जन्मात ऐकली नव्हती. आधी हसलो, मग म्हटलं, का नाही? डिशच्या बॉक्समधून तीन वायरी निघतात. पिवळी चित्राची, लाल आणि पांढरी आवाजाची. लाल-पांढरी होम थिएटरला जोडायची आणि पिवळी सोडून द्यायची, एवढंच काम. फक्त सुरुवातीला चॅनेलं शोधायला पडदा लागतो, कारण त्या बॉक्सला तोंड नाही. त्याला जे सांगायचं असतं ते तो पडद्यावर लिहितो. म्हणून दुकानातला चौदा इंची टीव्ही मोटरसायकलला बांधून मी पोलादपूरला घेऊन गेलो. डिश बसवली, चॅनेलं शोधली, रेडिओ लावला आणि टीव्ही परत बांधून ठेवला.

मग अख्खी दुपार आबांना शिकवण्यात गेली. रिमोटच्या चार बटणांवर मी बोटाला लागतील असे एमसीलचे ठिपके लावून दिले. वीज जाऊन आली की बॉक्स रेडिओ सोडून टीव्हीच्या चॅनेलांवर जाऊन बसतो आणि होम थिएटर सीडीवर. मग इथलं हे बटण एकदा, तिथलं ते बटण तीनदा. आबांनी दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा मीच चुकलो आणि त्यांनी मला सुधारलं. लायनमनची बोटं ती. मी निघालो तेव्हा पाच स्पीकरांतून बातम्या अशा खणखणीत येत होत्या की जानकीबाई हातातली भाकरी तव्यावर तशीच टाकून बघायला आल्या.

आबा म्हणाले, "आज किती वाजलं ते मला कळलं. कुणाला न विचारता."

मी हसलो. मला वाटलं, म्हातारा गंमत करतोय. पण त्यांचं सगळं त्याच्यावरच होतं, हे मला फार उशिरा समजलं. हिवाळ्या-उन्हाळ्यात ओटीवर पायावर ऊन कुठवर आलं त्यावरून त्यांना वेळ कळायची. पावसाळ्यात ऊनच नसतं. चार महिने सकाळ, दुपार, संध्याकाळ सगळं एकाच ओल्या आवाजाचं. आता सातच्या बातम्यांना उठायचं, गाणी लागली की आंघोळ, शेतीचा कार्यक्रम संपला की जेवण. त्या वर्षीचा पावसाळा त्यांनी एखाद्या डोळस माणसासारखा काढला. बुद्धरत्न दिवाळीला आला तर घर लख्ख, बाप ताजातवाना. मला त्यानं पेढे दिले. मीपण काय, चार गावांत सांगत सुटलो की टीव्हीशिवाय डिश बसवणारा महाराष्ट्रात मी एकटाच.

पुढच्या जुलैत डिश चालवणाऱ्या वरच्या लोकांनी सगळी चॅनेलं इकडची तिकडं केली. सकाळी दुकान उघडलं आणि फोन वाजायचा थांबेना. सगळ्यांचं एकच रडगाणं, काहीच लागत नाही. मलाही एकच उत्तर पाठ झालं. पडद्यावर काय लिहिलंय ते वाचा, ओके दाबा, दोन मिनिटांत येईल. पन्नास जणांना सांगितलं, पन्नास जणांचं आलं. बाहेर मुसळधार पाऊस, बाजारपेठेत पाणी शिरायची भीती, मी माल वरच्या फळीवर चढवत एका कानाला फोन धरून तेच बोलत होतो.

त्यात आबांचा फोन आला. "इंजिनेर, सेट मुका झाला रे."

मी म्हटलं, "आबा, सगळ्यांचाच झालाय. पडद्यावर काय आलंय ते वाचा आणि ओके दाबा."

आबा म्हणाले, "बरं," आणि फोन ठेवला.

माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही, तो नाहीच. आंधळ्या माणसाला मी वाच म्हणून सांगितलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाशी बोलायला लागलो. आबांनी मला आठवण का करून दिली नाही, हे मी स्वतःला किती वेळा विचारलंय. एवढ्या घाईत असलेल्या माणसाला आपल्या डोळ्यांचं काय सांगायचं, असंच त्यांना वाटलं असणार.

दोन आठवड्यांनी परत फोन. "सेट बोलत नाय अजून. कधी येतोस?" आणि मग, "आता किती वाजलं रे?"

मी सांगितलं सव्वाअकरा, आणि येतो म्हणालो. येतो म्हणणं आमच्या धंद्यात श्वास घेण्यासारखं आहे. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन, वेळ विचारायला. त्याच दिवशी दुपारी अजून एकदा. मी वैतागलो. नीलाला म्हटलं, आता पोलादपूरच्या म्हाताऱ्याचा फोन आला तर मी बाहेर गेलोय म्हणून सांग. तिनं तसं सांगितलं. चार वेळा सांगितलं. पाचव्यांदा फोन आला नाही आणि मला सुटल्यासारखं वाटलं. हे मी काही लपवून ठेवत नाही.

गणपतीनंतर एका कामाला कापड्याला गेलो, तेव्हा येताना म्हटलं आबांकडं डोकावू. दाराला कुलूप. जानकीबाई ओटीवर तांदूळ निवडत होत्या.

"पोरानं नेलं," त्या म्हणाल्या. "चळलं रे म्हातारं."

त्या सांगत होत्या. "दुपारचं तीन वाजता दारात यायचं नि म्हणायचं, जानके, सकाळचा चा झाला काय गो. रातचं जेवण चार वाजता मागायचं. दिसाला दहा वेळा विचारायचं, किती वाजलं. आधी पोरं हसायची. मंग मला भ्या वाटाय लागलं, घरात गॅस हाय. मीच कळवलं बुद्धरत्नाला."

"आणि सेट?"

"त्यो तर आषाढापासून मुकाच. त्यो रिमोट घेऊन दिस दिस बसायचं, बटणं दाबत. मुक्या डब्याम्होरं. ते बघितलं नि आमची खात्रीच पटली."

बुद्धरत्ननं येऊन त्यांना डॉक्टरकडं नेलं होतं. डॉक्टरनं विचारलं, आज वार कोणता, सकाळ आहे की दुपार, कोणता महिना? आबांना एकाचंही उत्तर देता आलं नाही. दीड-दोन महिने वेळ न कळलेला माणूस काय सांगणार? गोळ्या लिहून दिल्या आणि सांगितलं की यांना एकटं ठेवू नका.

किल्ली जानकीबाईंकडं होती. माझ्या गाडीवर कामाचा छोटा टीव्ही होताच. मी आत गेलो आणि पिवळी वायर त्याला लावली. पडद्यावर आलं, चॅनेलांची यादी बदलली आहे, पुन्हा शोधण्यासाठी ओके दाबा. दोन महिने तो बॉक्स, आधी आबांसमोर आणि मग त्या बंद घरात, हेच लिहीत बसला होता. मी ओके दाबलं; ज्या चार बटणांवर मी ठिपके लावून दिले होते त्यांत ते नव्हतं. दोन मिनिटं लागली नसतील. बाईचा आवाज आला, बातम्या. जानकीबाईंनी तोंडावर पदर घेतला. मी बटण बंद केलं आणि मला इतकी लाज वाटली की त्यांच्याकडं बघवेना. बोलणारी घड्याळं मिळतात हे मला नंतर कळलं. तेव्हा कुणी सांगितलं असतं तर तेही मी येतो-येतो करत लांबवलं असतं, माझा काय भरवसा.

रविवारी दुकान बंद ठेवून कळंबोलीला गेलो. बुद्धरत्न आणि प्रियदर्शिनीला स्वयंपाकघरात बसवून सगळं सांगितलं, नीलाला खोटं बोलायला लावलं तेसुद्धा. म्हणालो, "तुमचा बाप वेडा नाही. त्यांचं घड्याळ बंद पडलं होतं आणि ते मी बंद ठेवलं."

बुद्धरत्न एवढंच म्हणाला, "दोन मिनिटांचं काम होतं?"

मी हो म्हणालो. यापेक्षा त्यानं कानाखाली वाजवली असती तर बरं झालं असतं.

प्रियदर्शिनी म्हणाली, "तुम्हीच सांगा त्यांना. परत जायचं म्हणाले तर आम्ही अडवणार नाही. मी स्वतः पोचवायला येईन."

आबा आतल्या खोलीत कॉटवर बसले होते. गोळ्यांनी चेहरा सुजल्यासारखा झालेला. माझा आवाज ऐकून हसले, सरकून जागा दिली. मी त्यांचा हात धरला आणि पहिल्यापासून सांगितलं. चॅनेलं बदलली होती, पडद्यावर लिहून येत होतं, तुम्हाला टीव्हीच नव्हता तर कळणार कसं, मी फोनवर मूर्खासारखं बोललो. तुमचं डोकं शाबूत आहे आबा. सेट चालू केलाय. घरी चला.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. माझ्या हातावर दुसरा हात ठेवला.

"नाय रे," ते म्हणाले. "डॉक्टरनं तपासलं ना. मला साधा वार सांगता आला नाय. लाईनीत फाल्ट असला तर मला कळतो. ह्यो फाल्ट इथं हाय." त्यांनी कपाळाला बोट लावलं.

"आबा, मी खरं सांगतोय. दोन मिनिटांत लागला."

"असंल. पण म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून दोष आपल्यावर घ्यायचा, हे काय चांगलं नाय."

मी शपथ घेतली. त्यांनी ती थांबवली, असल्या गोष्टीसाठी शपथ नको म्हणाले. बुद्धरत्न सांगून बघत होता, प्रियदर्शिनीही सांगत होती. आबा दोघांचं ऐकून मान हलवत होते, लहान मुलांची समजूत काढावी तसे. त्यांना वाटलं आम्ही तिघांनी मिळून ठरवलंय, त्यांचं मन राखायचं. जितकं जास्त बोलावं तितकी त्यांची खात्री पक्की होत गेली. शेवटी आम्ही नाद सोडला.

दुपारी मला जेवल्याशिवाय सोडलं नाही. ताटं मांडल्यावर आबांनी सुनेला जवळ बोलावलं आणि माझ्या दिशेला हात करून म्हणाले, "ह्यो माझा इंजिनेर. मी किती फोन केले असतील, तरी ह्यानं कधी तोंड फिरवलं नाय. घरात नसंल तेवढंच."

बुद्धरत्ननं माझ्याकडं बघितलं. मी ताटाकडं बघत भात कालवत राहिलो.